पेशंट नखशिखांत कसा तपासायचा

नव्या इंटर्नला मी आधी स्टेथो खिशात ठेवायला लावते. पेशंट चालत येतोय, ते पाहा. पाय ओढतोय का, बसताना हात टेकतोय का, बोलताना मध्येच दम लागतोय का? निम्मी तपासणी इथेच होते.

मग पडदा ओढा, हात धुवा, काय करणार ते सांगून परवानगी घ्या. लघवीला जाऊन यायला सांगा. भरलेलं मूत्राशय पोट तपासताना चकवतं.

पल्स मोजून झाली तरी बोटं मनगटावरच राहू द्या आणि नजर छातीकडे न्या. श्वास मोजले जाताहेत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. पूर्ण एक मिनिट मोजा. प्रौढांत विश्रांतीच्या वेळी साधारण १२ ते २० येतात. चार्टवर सगळ्या वॉर्डाचे श्वास १८ दिसले, की कुणीच मोजलेले नाहीत हे मी ओळखते. बीपीसाठी दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला हवा. जाड दंडाला लहान कफ (बीपीचा हवेचा पट्टा) बांधला, तर बीपी खोटंच जास्त येतं.

कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, खिडकीच्या उजेडात पाहा; पिवळ्या बल्बखाली ती सुटते. फिकेपणासाठी खालची पापणी ओढा. टॉर्च एका डोळ्यात मारला की दोन्ही बाहुल्या लहान व्हायला हव्यात. कवळी काढायला सांगा, जीभ वर उचलायला लावा. मानेतल्या गाठी मागे उभं राहून चाचपा, कॉलरबोनच्या वरचा खळगा विसरू नका. दोन्ही कॅरोटिड, म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या धमन्या, एकदम दाबायच्या नाहीत.

छातीला पाहणं, हात लावणं, ठोकणं, ऐकणं हा क्रम. एक जागा डावीकडे, लगेच तीच उजवीकडे. स्टेथो कपड्यावरून लावणार असाल तर न लावलेला बरा. पाठीकडूनही ऐका.

पोटाचा क्रम वेगळा: पाहून झालं की आधी ऐका, मग हात लावा, कारण चाचपल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात. गुडघे दुमडायला सांगा, तळहात चोळून ऊबदार करा. कुठे दुखतं ते पेशंटलाच बोटाने दाखवू द्या आणि तिथे सगळ्यात शेवटी जा. बोटं पोटावर, डोळे मात्र चेहऱ्यावर. तोंडाने 'नाही दुखत' म्हणणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. लिव्हरसाठी उजव्या कुशीत अगदी खालून सुरुवात करा. पेशंट श्वास आत घेईल तेव्हा बोटं हलवू नका. वाढलेल्या लिव्हरची कडा आपणहून येऊन बोटाला टेकते. श्वास सोडला की थोडं वर सरका. बरगडीजवळून सुरुवात केलीत, तर खूप वाढलेलं लिव्हर हाताखालीच असतं आणि कडा काही सापडत नाही. प्लीहेलाही तिथूनच निघायचं, पण तिरकं, डाव्या बरगड्यांकडे.

आता मोजे काढा. हो, काढाच. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून ठेवा. खड्डा राहिला तर सूज आहे. अंथरुणाला खिळलेल्याची सूज मात्र माकडहाडापाशी उतरते, म्हणून त्याला कुशीवर वळवा. बेडसोअरही तिथेच सापडतो. मधुमेहींच्या टाचा आणि बोटांच्या बेचक्या उघडून पाहा, पायाची नाडी लागते का पाहा, डोळे मिटायला सांगून मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का पाहायचा बारीक नायलॉनचा धागा) टेकवा. संवेदना गेलेल्या पायाला जखम झालेली पेशंटला कळतही नाही.

ताकद, रिफ्लेक्स पाहून झाले की पेशंटला पांघरूण घाला आणि लगेच लिहायला बसा. केसपेपरवर नुसतं 'नॉर्मल' चालणार नाही. 'लिव्हर लागत नाही, दोन्ही पायांना सूज नाही, डाव्या टाचेला भेग' असं लिहा.