हृदय कमकुवत होण्यामागे अधिवृक्क ग्रंथीची गाठ नाही ना, हे कसे तपासून घ्यावे

टू-डी एकोमध्ये हृदयाचे पंपिंग बरेच कमी आढळते आणि अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या निघतात, तेव्हा पुढे काय विचारावे हे घरच्यांना सुचत नाही. अशा वेळी, विशेषतः रक्तदाब मधूनच उसळत असेल तर, फिओक्रोमोसायटोमाची शक्यता तपासली आहे का, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथीत होणारी ही दुर्मीळ गाठ ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन रक्तात बेसुमार सोडते आणि त्या माऱ्याने हृदयाचा स्नायू दुबळा होतो. कधी हृदयाचे टोक फुगून ताकोत्सुबोसारखे, म्हणजे मोठ्या मानसिक ताणानंतर हृदय तात्पुरते दुबळे होण्याच्या आजारासारखे, चित्र दिसते. ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यावरून ताकोत्सुबो हे नाव पडले. म्हणूनच ‘मानसिक ताणामुळे झाले’ एवढ्यावर समाधान मानू नये, कारण गाठ काढल्यावर अनेक रुग्णांचे हृदय पुष्कळ सावरते.

पहिले काम घरीच करता येते. एका वहीत रक्तदाब उसळण्याच्या प्रत्येक झटक्याची वेळ, डोकेदुखी, दरदरून घाम, छातीतील धडधड आणि त्याच क्षणी मोजलेला रक्तदाब लिहावा. झटक्याआधी रुग्ण वाकला होता का, लघवीला गेला होता का, एखादी नवी गोळी घेतली होती का, हेही नोंदवावे. दोन झटक्यांच्या मध्ये रक्तदाब अगदी व्यवस्थित असू शकतो, त्यामुळे दवाखान्यातील एका मोजणीपेक्षा ही वही अधिक बोलकी ठरते. मात्र दम लागला, छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर नोंदी करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

निदानासाठी मेटानेफ्रिन्सची, म्हणजे ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थांची, रक्तात किंवा लघवीत तपासणी करतात. रक्त द्यायचे असेल तर त्याआधी वीस ते तीस मिनिटे शांत पडून राहावे. चोवीस तासांची लघवी द्यायची असेल तर सकाळची पहिली लघवी टाकून ती वेळ कॅनवर लिहावी आणि तिथपासून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत प्रत्येक थेंब जमा करावा. एकदा जरी विसरले तरी प्रयोगशाळेला तसे सांगावे. कॅनमध्ये आधीच आम्ल घातलेले असू शकते, ते ओतून देऊ नये आणि थेट कॅनमध्ये लघवीही करू नये. सर्दीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांमुळे आकडे वाढतात, म्हणून चालू औषधांची पूर्ण यादी द्यावी, पण मनाने काहीही बंद करू नये. गंभीर आजारपणातही हे आकडे थोडे चढतात. ते ठळकपणे जास्त आले तर सीटी स्कॅन किंवा एमआरआयने गाठ शोधतात. मेटानेफ्रिन्सची तपासणी होण्याआधी गाठीत सुई घालून तुकडा काढू देऊ नये, कारण त्यातून जीवघेणा झटका येऊ शकतो.

सर्वांत जास्त जपायचे ते औषधांच्या क्रमाला. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाचे पंपिंग कमी पडते तेव्हा, बीटा ब्लॉकर (नाडीचा वेग कमी करणारे औषध) सहसा दिला जातो. परंतु ही गाठ असताना अल्फा ब्लॉकरच्या (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाच्या) आधी तो सुरू केला, तर रक्तवाहिन्या अधिकच आवळल्या जाऊन रक्तदाब भडकू शकतो. म्हणून प्राझोसिन, डोक्साझोसिन किंवा फिनॉक्सीबेन्झामिन यांपैकी एक अल्फा ब्लॉकर आधी सुरू करून साधारण एक ते दोन आठवड्यांत शस्त्रक्रियेची तयारी होते आणि नाडीचा वेग कमी करण्याची गरज भासल्यास बीटा ब्लॉकर नंतर येतो. याच काळात मीठ आणि पाणी वाढवण्याचा सल्ला एरवी देतात, मात्र दुबळ्या हृदयाच्या रुग्णाच्या फुप्फुसांत त्यामुळे पाणी साचू शकते. किती प्यायचे हे हृदयरोगतज्ज्ञ आणि अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायला हवे, आणि तसा आग्रह धरण्यात संकोच करू नये. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड आणि स्टिरॉइड यांनीही झटका येऊ शकतो, त्यामुळे फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने ‘फिओक्रोमोसायटोमाची शंका’ असे लिहून ठेवावे.

गाठ काढल्यावर रक्तदाब आणि रक्तातील साखर एकदम खाली येऊ शकतात, म्हणून सुरुवातीला अतिदक्षता विभागात देखरेख लागते. दोन ते सहा आठवड्यांनी मेटानेफ्रिन्स पुन्हा तपासावीत, एकोही करावा आणि पुढे दरवर्षी तपासणी चालू ठेवावी. सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये दोष आनुवंशिक असतो, तेव्हा जनुकीय तपासणीचा सल्ला घ्यावा आणि दोष सापडल्यास भावंडांची व मुलांचीही तपासणी करून घ्यावी.