सायकलची बातमी कशी वाचायची आणि कशी छापून आणायची

पेपरात सायकलची बातमी दिसली की आधी ती कोणत्या पानावर आहे ते बघा, मजकूर मागाहून वाचा. वृत्तपत्राच्या कचेरीत बातम्या बीटनुसार वाटलेल्या असतात. महापालिका एकाकडे, पोलिस दुसऱ्याकडे, शिक्षण, आरोग्य, क्रीडा आणखी कुणाकुणाकडे. सायकल हे बीट मात्र कुणाकडेच नसतं. त्यामुळे ती कधी खेळ म्हणून छापून येते, कधी कार्यक्रम म्हणून, कधी योजना म्हणून, तर कधी मृतदेह म्हणून. रोज सायकलने कामावर जाणारा माणूस या चौथ्या खात्यात गेल्याशिवाय सहसा छापून येत नाही.

पुण्यातल्या एका मराठी दैनिकाच्या शहर डेस्कवर बरीच वर्षं मी बातम्या कापल्या, जोडल्या, त्यांना हेडिंगं दिली. कर्वेनगरहून ऑफिसला ये-जा सायकलनेच केली. तेव्हा खाली जे लिहिलंय त्यात थोडी आतली माहिती आहे आणि थोडा रागही आहे. दोन्ही धरूनच वाचा.

सोमवारचा पेपर

रविवारी महापालिका बंद, सरकारी कचेऱ्या बंद, कोर्टं बंद. सोमवारची पानं मात्र भरावीच लागतात. सायकल रॅली नेमकी रविवारी सकाळी निघते, आठ-साडेआठला संपते आणि दुपारच्या आत प्रेसनोट, फोटो मेलवर हजर. डेस्कला याहून सोयीचं काही नाही. म्हणून ‘सायकलप्रेमींचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ तीन कॉलमात, रंगीत फोटोसकट लागतो. 3 जूनच्या जागतिक सायकल दिनाचंही तेच. संयुक्त राष्ट्रांनी 2018 मध्ये तो जाहीर केला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या एका पानाची सोय झाली.

अशी बातमी वाचताना शेवटच्या परिच्छेदाकडे जा. आयोजकांनी पालिकेला काही निवेदन दिलं असेल, तर ते तिथे असतं. नसेल, तर दोन शक्यता. एक तर त्यांनी दिलंच नाही, किंवा जागा कमी पडली म्हणून डेस्कने खालून कापलं. बातमी नेहमी खालून कापतात. पाहुण्यांची नावं वर असतात, त्यामुळे ती बचावतात.

क्रीडा पानाविषयी माझी फारशी तक्रार नाही. मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाटातला ‘घाटाचा राजा’ मराठी पेपरांनी मनापासून छापला. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये आणि नागपूरच्या अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही शर्यत पूर्ण केली. वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये सुमारे 29 हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा संपवली. या सायकलपटूंना जागा मिळालीच पाहिजे. फक्त एवढं ध्यानात असू द्या की अशी बातमी वाचून माणूस ‘धन्य आहे बाई’ म्हणतो आणि स्कूटरला किक मारतो.

किलोमीटर आणि कोटी

महापालिका पानावरच्या सायकल ट्रॅकच्या बातमीत एक मोठा आकडा असतो. तो वाचण्याआधी वाक्याचं क्रियापद वाचा. ‘होणार’, ‘प्रस्तावित’, ‘मान्यता’, ‘निविदा’, ‘कार्यादेश’ आणि ‘पूर्ण’ यांच्यात वर्षानुवर्षांचं अंतर असतं. हेडिंगमध्ये ते पुसलं जातं, कारण चार शब्दांत बसवायचं असतं. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून मोठं जाळं रेखलेलं आहे. तेव्हापासून हा आकडा बातम्यांत इतक्यांदा आला की ट्रॅक जणू झालेच असं वाटावं. आकडा आराखड्यातला आहे, रस्त्यावरचा नाही. त्याच्या आधी बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेच्या काळात, 2006 नंतर, सातारा आणि सोलापूर रस्त्याच्या कडेने ट्रॅक आखले गेले होते. म्हणून ‘नवा’ ट्रॅक वाचलात की त्या जागी आधी काय होतं ते एखाद्या जुन्या रहिवाशाला विचारा. जुन्याला रंग देऊन नवा करणं हेही खर्चाच्या बाजूला काम म्हणूनच दिसतं.

मग स्वतः जाऊन बघा. टेप घ्या. दोन सायकली शेजारून जाव्यात तर साधारण दोन मीटर रुंदी लागते. पण रुंदीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे ट्रॅक चौकात कुठे जातो. बहुतेक ठिकाणी तो चौकाच्या वीस-पंचवीस पावलं आधी संपतो, म्हणजे जिथे गाड्या वळतात आणि जिथे त्याची खरी गरज असते, तिथेच. वाटेत विजेचा डीपी बॉक्स, बसथांबा, झाडाचा पार, पाणीपुरीची गाडी. बातमीदार तिथे गेलेलाच नसतो. त्याच्या हातात प्रस्ताव असतो आणि प्रस्तावात झाड नसतं.

पैशांचं वाचन आणखी सोपं आहे, पण त्याला वर्षभराची चिकाटी लागते. आयुक्तांचं अंदाजपत्रक आलं की ‘सायकलसाठी अमुक कोटी’ ही चौकट येते. ती कापून ठेवा. ती तरतूद आहे, खर्च नव्हे. मग फेब्रुवारी-मार्चमधल्या स्थायी समितीच्या बातम्यांत ‘वर्गीकरण’ हा शब्द शोधा. एका कामाची न वापरलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. पादचारी आणि सायकल या लेखाशीर्षाखालचे, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खात्याखालचे, पैसे कुठे वळले, ही बातमी अंदाजपत्रकाच्या चौकटीपेक्षा मोठी असते, पण ती सातव्या पानावर दोन ओळीत येते. शंका आली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, उत्तराची मुदत 30 दिवस आहे. मागताना ‘सायकल ट्रॅकची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. लेखाशीर्ष, आर्थिक वर्ष, तरतूद, वर्गीकरण आणि प्रत्यक्ष खर्च असे रकाने आखून मागा.

भाडेतत्त्वावरच्या सायकलींचं प्रकरण मात्र सावकाश वाचण्यासारखं आहे. डिसेंबर 2017 मध्ये औंध आणि विद्यापीठ परिसरात झूमकार कंपनीची ‘पेडल’ ही सेवा आली. 2018 मध्ये ओफो आणि मोबाइक या चिनी कंपन्या आल्या. सुरुवातीला सगळे पेपर खूष. पदाधिकारी सायकलवर बसलेले फोटो पहिल्या पानावर. थोड्याच महिन्यांत सूर पालटला. कुलूप तोडलं, सीट पळवली, सायकल नाल्यात फेकली. निष्कर्षही ठरलेला: पुणेकरांना शिस्त नाही. तोडफोड झाली हे खरंच आहे, आणि तिचा फोटो मिळतो. पण त्याच 2018 मध्ये ओफोने भारतासकट अनेक देशांतून गाशा गुंडाळला आणि पुढच्या वर्षी मोबाइकनेही आशियातला पसारा आवरला, कारण गुंतवणूकदारांच्या पैशांवर उधळलेला तो धंदा जगभर कोसळत होता. ही बातमी अर्थ पानावर, बहुधा वृत्तसंस्थेच्या मजकुरातून आली. नाल्यातली सायकल शहर पानावर. दोन पानांमधल्या भिंतीमुळे वाचकाला दिसलं ते एवढंच की योजना लोकांनी बुडवली. म्हणून कुठलीही योजना ‘बारगळली’ असं वाचलंत की तिचा खर्च कोण करत होतं आणि करारात पालिकेच्या वाट्याला काय होतं, हे बातमीत शोधा. नसेल तर बातमी अर्धी आहे.

सिंगल कॉलम

आता क्राइमचं पान. हा मी बनवलेला नमुना, पण आधी कुठेतरी वाचल्यासारखा वाटेल:

‘भरधाव डंपरच्या धडकेत सायकलस्वार ठार. कामावरून घरी परतणाऱ्या 55 वर्षीय रखवालदाराचा डंपरच्या धडकेत जागीच मृत्यू झाला. शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास ही घटना घडली. याप्रकरणी चालकाविरुद्ध गुन्हा दाखल झाला असून, पुढील तपास पोलिस उपनिरीक्षक करीत आहेत.’

हे आलं कुठून? ठाण्यात फिर्याद झाली, तिचा सारांश पोलिसांच्या रोजच्या प्रेसनोटमध्ये आला, क्राइम रिपोर्टरने फोनवर वय आणि पत्ता पडताळला, डेस्कवर आम्ही ‘मयत इसम’ काढून ‘रखवालदार’ घातलं आणि सोडलं. फिर्यादीत नाव, वय, वेळ, ठिकाण असतं. दिवा चालू होता का, रस्ता किती रुंद, पदपथ होता का, डंपरला त्या वेळी त्या रस्त्यावर परवानगी होती का, यातलं काही नसतं. जे कागदात नाही ते बातमीतही येत नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही, पानाची वेळ झालेली असते. पण परिणाम व्हायचा तो होतोच.

वाचताना पहिली गोष्ट ही की वाक्यात डंपर आहे, चालक फक्त गुन्ह्यापुरता आला आहे, आणि डंपरचा मालक, ठेकेदार तर कुठेच नाही. ब्रिटनमध्ये 2021 मध्ये बातमीदारांसाठी रस्त्यावरच्या धडकांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत नेमकं हेच सांगितलंय: वाहन नव्हे, माणूस चालवत होता, तो वाक्यात आणा. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2019 मध्ये पादचाऱ्याला गाडीची धडक बसल्याची एकच बातमी वेगवेगळ्या प्रकारे लिहून लोकांना वाचायला दिली. चालक वाक्यात आला की मेलेल्या माणसावरचा ठपका कमी झाला, आणि अशा इतर घटनांचा संदर्भ जोडला की रस्ता सुधारा म्हणणारे वाढले. डेस्कवर हे करायला चार शब्द जास्त लागतात.

दुसरी गोष्ट हेल्मेटची ओळ. ‘सायकलस्वाराने हेल्मेट घातले नव्हते’ हे वाचलं की विचारा, चाक कुठून गेलं? मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटची सक्ती मोटारसायकलींसाठी आहे, सायकलसाठी नाही. ती ओळ बातमीत घातली की वाचक मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा होतो.

तिसरी, फॉलोअप, म्हणजे बातमीचा पुढचा पाठपुरावा. 1 जुलै 2024 पासून निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) खाली दाखल होतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. खटल्याचं पुढे काय झालं हे तुम्ही कधी वाचलंय? वाचलेलं नसणार. क्राइमवाला ठाण्यात जातो, कोर्टवाला मोठ्या खटल्यांना जातो, प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांपुढच्या या खटल्याला कुणीच जात नाही.

आकडेही एकत्र कुणी मांडत नाही. 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकी कामगार कामावर कसे जातात हे विचारलं होतं. देशात साधारण 13 टक्के सायकलने जात होते. केंद्राच्या अहवालानुसार 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांत सायकलवरची सुमारे 3 टक्के. म्हणजे हजारोंनी सिंगल कॉलम. तुमच्याकडे पेपर टाकणारा पोऱ्याही त्या 13 टक्क्यांतलाच. त्याचा सायकलसकट फोटो 15 ऑक्टोबरला, वृत्तपत्र विक्रेता दिनी, गुलाबपुष्पासह येतो.

करायचं असेल तर एक साधी वही करा. तुमच्या भागातल्या अशा प्रत्येक सिंगल कॉलमचं कात्रण, तारीख आणि चौकाचं नाव. एकाच चौकाची तीन कात्रणं जमली की ती बातमी झाली. ती रिपोर्टरकडे नाही, तुमच्याकडे आहे.

ती छापून कशी आणायची

रॅलीवाल्यांची युक्ती उचला. शनिवारी चौक मोजा, रविवारी दुपारी मेल करा. सोमवारच्या पानाला भूक असते. पहिल्याच वाक्यात ठिकाण आणि आकडा: ‘अमुक चौकात सायकल ट्रॅक वळणाच्या 20 मीटर आधी संपतो’. पर्यावरण, आरोग्य, इंधनबचत यांवरचा परिच्छेद गाळा, तो आम्ही गाळणारच होतो. मजकूर मेलमध्येच युनिकोडमध्ये टंकलेला हवा. पीडीएफ किंवा व्हॉट्सअॅपवरचा कागदाचा फोटो पाठवलात, तर परत टाइप करायला कुणाला वेळ नसतो.

फोटो आडवा काढा, त्यात माणूस हवा, आणि तो रोज त्या रस्त्याने कामावर जाणारा असेल तर उत्तम. त्याला विचारून घ्या, त्याची हरकत नसेल तरच नाव द्या. काम काय, कुठून कुठे जातो, किती वेळ लागतो, एवढं लिहा. रिपोर्टरला अधिकाऱ्याचं म्हणणंही घ्यावंच लागतं, म्हणून हे पथ विभागाचं काम की क्षेत्रीय कार्यालयाचं ते आधीच शोधून सांगा. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि बातमी त्याच दिवशी जाते.

छापून आल्यावर चूक असेल, तर फेसबुकवर पेपराचा उद्धार करण्याआधी वृत्तसंपादकांना पत्र लिहा: तारीख, पान, चुकीचं वाक्य, बरोबर वाक्य आणि पुरावा. खुलासा लहान टायपात येईल, तरी मागा, कारण पुढच्या वेळी तोच रिपोर्टर आधी तुम्हाला फोन करतो. वाचकांच्या पत्रव्यवहारात पाठवायचं असेल, तर दीडशे शब्दांच्या वर जाऊ नका, आणि शेवटी नावाखाली पेठ किंवा उपनगर लिहा. नुसतं ‘एक त्रस्त नागरिक’ असेल, तर ते पत्र टोपलीत जातं.