‘मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ म्हणून चिठ्ठी दिली, आता पुढे काय करायचं?

गेल्या वर्षी माझ्या बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमजोर झाली की वाढणारा रक्तातला आकडा, १.४ वरून १.७ वर गेलं. डायबेटिस त्यांना पंधरा वर्षांचा, त्यामुळे आमच्या गावच्या डॉक्टरांनी लगेच किडनीच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. आमच्या भागात एका खाजगी ठिकाणी बाहेरचे नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, महिन्यातून दोनदा येतात, तिथे मी ती चिठ्ठी काउंटरवर दिली, तिथल्या बाईंनी रजिस्टरात नाव-नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या, डॉक्टरांची तारीख आली की फोन करतो. आम्ही फोनची वाट बघत बसलो. एक आठवडा, दोन आठवडे, बाबा म्हणायचे उगाच त्यांना त्रास देऊ नको, गर्दी असेल. सातव्या आठवड्यात मी न राहवून गेले तर रजिस्टरात माझ्या मोबाईलचा एक आकडा चुकलेला, इंग्रजीतला १ आणि ७ घाईत लिहिला की सारखाच दिसतो ना, तसं. त्यांनी दोनदा फोन केला होता, तो भलत्याच माणसाला लागला, आणि मग बाबांच्या नावावर पेन्सिलने रेघ मारलेली. तोवर क्रिएटिनिन २.१.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते, चिठ्ठी हातात आली म्हणजे नंबर लागला असं समजू नका. तारीख, वेळ आणि नोंदीचा नंबर या तीन गोष्टी समोरच्याने वाचून दाखवल्या की मग नंबर लागला. तोपर्यंत तो नुसता कागद आहे आणि तो कुठे पडलाय हे आपणच बघायचं.

डॉक्टरांच्या खोलीतून उठायच्या आधी

चिठ्ठी तिथेच वाचा. अक्षर लागत नसेल तर विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुठल्या विभागाला पाठवलंय, कशासाठी पाठवलंय, आजार किती दिवसांचा, चालू औषधं कुठली, आणि डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख, हे सगळं त्यावर हवं. नुसतं ‘नेफ्रो ओपिनियन’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुढच्या माणसाला त्यातून घाई आहे की नाही ते कळत नाही. घाई असेल तर ‘अर्जंट’ हा शब्द चिठ्ठीवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं काउंटरपर्यंत पोचत नाही.

मग तीन प्रश्न. हे किती दिवसांत दाखवायला पाहिजे? तोपर्यंत काय घ्यायचं आणि काय टाळायचं? आणि काय झालं तर तारखेची वाट न बघता सरळ इस्पितळात जायचं? तिन्ही उत्तरं चिठ्ठीच्या झेरॉक्सवर मागच्या बाजूला लिहून ठेवा, घरी पोचेपर्यंत अर्धं विसरायला होतं. पहिल्याचं उत्तर तर फारच महत्त्वाचं, कारण ‘दोन आठवड्यांत’ असं डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि तारीख दोन महिन्यांनी मिळाली, तर परत डॉक्टरांकडे जाऊन बोलायला तुमच्या हातात काहीतरी असतं.

नक्की कुठे जायचं ते आधी ठरवा

आपल्याकडे गोव्यात सगळ्यांना वाटतं चिठ्ठी म्हणजे बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ. तसं दरवेळी नसतं. गावचं आरोग्य केंद्र, मग तालुक्याचं किंवा उपजिल्हा इस्पितळ, मग म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, आणि मग बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, अशी ही शिडी आहे. हाडांचे, डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे, स्त्रीरोगाचे डॉक्टर जिल्हा इस्पितळातही असतात, तिथे काम होत असेल तर पेडण्याच्या किंवा काणकोणच्या माणसाने पहाटे उठून बांबोळी गाठायची काय गरज? हृदय, मेंदू, किडनी यांच्यासाठी मात्र बहुतेक वेळा बांबोळीच. डॉक्टरांना सरळ विचारा, हे म्हापशाला होईल का?

सुपरस्पेशालिटीच्या, म्हणजे हृदय, मेंदू, किडनी अशा खास विभागांच्या, ओपीडीचे वार ठरलेले असतात, रोज रोज ती ओपीडी नसते. म्हणून वार विचारूनच निघा आणि कॅलेंडर बघा. चवथीच्या सुट्ट्या, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, नाताळ, यातली एखादी सुट्टी नेमकी त्या वारावर आली की अख्खा आठवडा पुढे जातो आणि त्याच्या पुढच्या ओपीडीला दुप्पट गर्दी.

नोंद करताना

चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी नोंद करा. देण्याआधी दोन्ही बाजूंचा मोबाईलवर फोटो काढा आणि एक झेरॉक्स घरी ठेवा. मूळ कागद काउंटरवर ठेवून घेतला आणि मग तो सापडेना, असं होतं.

नाव आधारकार्डावर जसं आहे तसंच सांगा. आपल्या गोव्यात हा विषय जरा जास्तच नाजूक आहे कारण पोर्तुगीज काळापासून आडनावांची स्पेलिंगं वेगवेगळी पडलीत, एकच गावकर तीन-चार तऱ्हांनी लिहितात, भावाभावांच्या कार्डांवर वेगळं असतं. कॉम्प्युटरमध्ये एका स्पेलिंगने नोंद आणि रिपोर्टवर दुसरं, की मग ‘तुमच्या नावाचा पेशंटच नाही’ असं ऐकायला मिळतं. मोबाईल नंबर एकेक आकडा म्हणून सांगा आणि तो त्यांना परत वाचायला लावा. दुसरा एक नंबरही द्या, घरात जो नेहमी फोन उचलतो त्याचा.

निघताना विचारा: नोंदीचा नंबर काय, तारीख कधी कळेल, नाही कळली तर कुठल्या नंबरवर आणि कितीला फोन करू? आणि समोरच्याचं नाव विचारून घ्या, नीट विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.

वही ठेवा

शाळेची साधी चाळीस पानी वही पुरते. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: ‘मंगळवार, दुपारी ३.१०. काउंटरवरच्या बाईंशी बोलले. चिठ्ठी मिळालीय म्हणाल्या. डॉक्टर १४ तारखेला येणार. यादी १२ ला लागणार. १२ ला परत फोन.’ बस एवढंच. पण पुढच्या वेळी फोनवर ‘मी मंगळवारी तीनच्या सुमाराला बोलले होते, तेव्हा बारा तारखेला यादी लागेल असं सांगितलं होतं’ असं म्हटलं की समोरचा माणूस लगेच रजिस्टर उघडतो, ‘मी मागे एकदा फोन केलेला’ म्हटलं की उघडत नाही, हा माझा अनुभव.

पाठपुरावा कधी आणि कसा

चिठ्ठी अर्जंट असेल तर दुसऱ्याच कामाच्या दिवशी फोन. साधी असेल तर एका आठवड्याने, फक्त एवढं विचारायला की चिठ्ठी पोचली का आणि नोंद झाली का. त्यानंतर त्यांनी सांगितलेल्या दिवशी, आणि काहीच सांगितलं नसेल तर दर आठवड्याला एकदा. रोज फोन करून उपयोग नाही, समोरचाही माणूसच आहे.

सकाळी ओपीडीच्या वेळात फोन करू नका, तेव्हा काउंटरसमोर माणसांची रांग असते, फोन उचलायला कोणाला वेळ नसतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर करा. बोलताना आपण एरवी बोलतो तसंच बोला, ‘बाय, म्हाका मातशी म्हायती जाय आशिल्ली’ (ताई, मला जरा माहिती हवी होती) एवढ्याने अर्धं काम होतं, आणि मग लगेच मुद्द्यावर या, पेशंटचं नाव, नोंदीचा नंबर, कुठला विभाग, कधी चिठ्ठी दिली. पूर्ण आजाराची कहाणी काउंटरवर सांगू नका, ती डॉक्टरांसाठी ठेवा.

एक गोष्ट जरूर सांगा: कोणी तारीख रद्द केली तर आम्हाला कळवा, आम्ही दोन तासांत पोचतो. असं सांगून ठेवलेल्या माणसाची आठवण राहते. बाबांची तारीख शेवटी अशीच लागली, एका पेशंटच्या घरी बारसं निघालं आणि त्यांनी नंबर सोडला.

फोनने होत नसेल तर स्वतः जा. वही आणि फाईल घेऊन समोर उभा राहिलेला माणूस आणि फोनवरचा आवाज यात फरक पडतोच. आवाज चढवू नका, पण उत्तर मिळाल्याशिवाय हलूही नका.

वाट बघण्याच्या दिवसांत

हे दिवस रिकामे जाऊ द्यायचे नाहीत, त्या सात आठवड्यांत आम्ही तेच केलं आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. बाबांचे गुडघे दुखायचे म्हणून ते फार्मसीतून दुखण्याची गोळी आणून घ्यायचे, डायक्लोफिनॅक. अशा गोळ्या किडनीला त्रास देतात, आधीच कमजोर किडनीला तर जास्तच. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. म्हणून तो दुसरा प्रश्न, तोपर्यंत काय टाळायचं, हा कधीच विसरू नका. चालू औषधं मात्र आपल्या मनाने बंद करायची नाहीत, बीपी-शुगरच्या गोळ्या ‘आता मोठे डॉक्टर बघतील’ म्हणून सोडलेली माणसं मी बघितलीत.

बीपी, शुगर, वजन, सूज, ताप, जे आजाराशी संबंधित असेल ते तारखेनिशी लिहा. टेस्ट कुठल्या लागतील ते आधीच विचारा. किडनीसाठी सहसा क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि पोटाची सोनोग्राफी बघतात, हे नसेल तर पहिली भेट नुसती टेस्ट लिहून देण्यात जाते आणि परत रांगेत. जुने रिपोर्टही टाकू नका, डॉक्टरांना आकडा कसा वाढत गेला ते बघायचं असतं.

दुखणं वाढलं तर काउंटरला फोन करून उपयोग नाही, काउंटरवरचा माणूस नंबर पुढे घेऊ शकत नाही. ज्यांनी चिठ्ठी दिली त्यांच्याकडेच परत जा, नवा रिपोर्ट दाखवा, नवी चिठ्ठी घ्या, आणि शक्य असेल तर त्यांनाच त्या डॉक्टरांना फोन करायची विनंती करा. डॉक्टर डॉक्टरांशी बोलले की जे काम दोन मिनिटांत होतं ते आपल्याला दोन आठवड्यांत जमत नाही.

आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, लघवी एकदम बंद होणं, शुद्ध हरपणं, यातलं काहीही झालं तर चिठ्ठी, तारीख सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागाला, चिठ्ठी लागत नाही. लकव्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे सकाळपर्यंत बघू असं म्हणायचं नाही.

काहीच हलत नसेल तर

आधी चिठ्ठी देणारे डॉक्टर, मग त्या विभागाची सिस्टर किंवा क्लार्क, मग मेडिकल सुपरिंटेंडेंट यांना लेखी अर्ज. अर्ज एका पानाचा, तारखा वहीतून उतरवा, दोन प्रती न्या आणि एकीवर ‘मिळाला’ असा शिक्का घ्या. रिपोर्ट किंवा केस पेपर देत नसतील तर हे माहीत असू द्या की २००२ च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायला हवीत. सरकारी इस्पितळ असेल तर माहिती अधिकारही आहे, त्यात ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण खरं सांगायचं तर आजारी माणसासाठी ३० दिवस खूप झाले, मी तो शेवटी ठेवीन.

मधल्या काळात नुसता सल्ला हवा असेल तर ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सेवेवर सरकारी डॉक्टर फुकट बोलतात, त्याने तपासणी होत नाही पण रिपोर्ट दाखवून घाई किती आहे याचा अंदाज येतो. खाजगीत दाखवायचं ठरलं तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड आधी काढून बघा, त्याची मुदत संपलेली असते आणि ते ऐनवेळी कळतं. २०१६ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाखांचं संरक्षण ठेवलं होतं. पण ते यादीतल्या ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेतल्या इस्पितळांतच, त्यामुळे ‘कार्ड आहे म्हणजे सगळं फुकट’ असं धरून चालू नका, तिथल्या डेस्कवर आधी विचारा.

तारीख लागली, आता त्या दिवशी

फाईलमध्ये सगळ्यात नवा रिपोर्ट वर, चिठ्ठी त्याच्याही वर. औषधांची नावं लिहून नेण्यापेक्षा सगळ्या पट्ट्याच एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि गावठी औषधंसुद्धा, लपवू नका. पाणी, खायला काहीतरी आणि डायबेटिसवाल्यांसाठी बिस्किटं. प्रश्न तीनच लिहा, सगळ्यात महत्त्वाचा पहिला, कारण आत गेल्यावर वेळ कमी मिळतो. आणि सोबत असं माणूस न्या जे नीट ऐकून घेईल, बाबांसोबत मी होते म्हणून बरं, त्यांनी बाहेर आल्यावर मला विचारलं, ‘काय म्हणाले गं ते?’

बाहेर पडायच्या आधी पुढची तारीख तिथेच पक्की करा आणि वहीत लिहा. डॉक्टरांनी जे लिहून दिलं त्याची झेरॉक्स गावच्या डॉक्टरांना नेऊन द्या, कारण मधे ताप आला, जुलाब लागले तर तुम्ही त्यांच्याकडेच जाणार आणि त्यांना नवी औषधं माहीत हवीत. बाबांची आता दर तीन महिन्यांनी तारीख असते. आदल्या शुक्रवारी रक्त द्यायचं, सोमवारी रिपोर्ट आणायचा, मंगळवारी दुपारी तीननंतर फोन करून डॉक्टर नक्की येणार आहेत ना ते विचारायचं.