गुरगुरण्याआधी कुत्रा काय सांगत असतो

‘काही कारण नसताना चावला’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा कुत्र्याने आधी चार-पाच वेळा सांगून पाहिलेलं असतं, फक्त आवाज न करता.

नको असलेली गोष्ट जवळ आली की तो आधी मान फिरवतो, जीभ झटकन ओठावरून फिरवतो किंवा जांभई देतो. मग कान मागे जातात, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतो, एखादा पुढचा पाय उचलला जातो. तरीही समोरचा थांबला नाही तर तो अंग चोरतो, शेपूट पायात घालतो, निघून जायला बघतो. गुरगुरणं, हवेत चावा आणि खरा चावा हे सगळं यानंतरचं. क्रम दर वेळी हाच असतो असं नाही आणि प्रसंगही पाहावा लागतो. जेवल्यावर ओठ चाटणं किंवा झोपेतून उठल्यावरची जांभई यात धरू नका.

सगळ्यात दुर्लक्षित खूण म्हणजे थिजणं. तोंड मिटतं, चघळणं थांबतं, अंग ताठ होतं. हे सेकंद-दोन सेकंदच टिकतं आणि लोकांना वाटतं, ‘बघा, कसा शांत उभा आहे!’ अशा वेळी हात मागे घ्या.

शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हा समज घातक आहे. हलणारी शेपूट एवढंच सांगते की तो उत्तेजित झालाय. सैल, कमरेसकट डोलणारी शेपूट मैत्रीची. ताठ, उंच, बारीक थरथरणारी असेल तर लांब राहा. निवांत असताना आपल्या कुत्र्याची शेपूट कुठे असते ते आधी बघून ठेवा आणि वर-खाली त्यावरून ठरवा. शेपूट गुंडाळलेली किंवा कापलेली असेल तर कान, तोंड आणि शरीराचा भार पुढे आहे की मागे, हे बघा. इटलीतल्या संशोधकांना 2007 मध्ये आढळलं की मालक दिसल्यावर शेपूट कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकते, पण नुसत्या डोळ्यांना तो फरक टिपणं अवघड आहे.

कुरवाळायचं असेल तर तिरकं उभं राहा, वाकू नका, त्याला जवळ येऊन हुंगू द्या. डोक्यावरून हात न नेता छातीवर किंवा खांद्यापाशी तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. तो अंगाला अंग लावून पुढे सरकला तर चालू ठेवा. नुसता उभा राहिला तर तो होकार समजू नका.

गुरगुरल्याबद्दल मात्र कधीही दटावू नका. दटावल्याने भीती जात नाही, फक्त इशारा जातो. पुढच्या वेळी तो थेट चावू शकतो. थांबा, नजर वळवा, तिरकं होऊन दोन पावलं मागे या. मग काय चाललं होतं, कोण होतं, किती अंतर होतं हे लिहून ठेवा.

ताटलीजवळ गुरगुरत असेल तर ताटलीत हात घालून सवय लावायचा जुना सल्ला प्रकरण बिघडवतो. तो निवांत खात राहील एवढ्या अंतरावरून, समजा दोन मीटरवरून, जाता जाता ताटलीतल्यापेक्षा चविष्ट तुकडा टाका आणि न थांबता पुढे जा. एका जेवणात असं चार-पाच वेळा पुरे. तुम्हाला बघून तो सैल अंगाने मान वर करू लागला की अंतर वीतभर कमी करा. भराभर गिळायला लागला किंवा ताठरला तर घाई झाली. मागच्या अंतरावर परत या. घरात लहान मूल असेल किंवा आधी चावा झाला असेल तर हे एकट्याने करू नका, मारझोड न करणारा प्रशिक्षक गाठा.

आणि एरवी शांत असलेला कुत्रा अचानक स्पर्शावर चिडायला लागला, तर शिकवणीच्या आधी पशुवैद्य. कान, दात किंवा सांधे दुखत असले की जनावर हीच भाषा बोलतं.