जुन्या घरातला शिशाचा रंग: भाडेकरूंनो, या चुका टाळा

मार्च उजाडला की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली येतात. महाल-इतवारीतल्या जुन्या घरात कूलर बसतो तो सागवानी खिडकीच्या तोंडाशी, आणि त्या चौकटीवर वर्षानुवर्षांच्या ऑईल पेंटचे थर चढलेले असतात. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको, ही सक्ती आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून आली. त्याआधीच्या ऑईल पेंटमध्ये, त्यातही भडक पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं असण्याची शक्यता बरीच. पोपडे सुटलेल्या चौकटीवरून कूलरचा झोत आला की ती धूळ फरशीवर पसरते, आणि रांगतं पोर फरशीवरचा हात तोंडात घालतंच.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे रविवारी पॉलिश पेपर घेऊन चौकट स्वतःच घासायला बसणं. कोरडं घासलं की शिशाची बारीक पूड घरभर होते. ब्लो लॅम्पने रंग जाळणं त्याहून वाईट. शिवाय पुरावाही तुम्हीच पुसून टाकता. आधी तारखेसह फोटो काढा, एक पोपडा पिशवीत घालून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. मग काम करायचंच तर पाणी मारून, वॉटर पेपरने, खाली प्लॅस्टिक अंथरून. तेवढा वेळ मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत. नंतर झाडू नाही, ओलं फडकं. मुलाच्या रक्तातलं शिसं तपासायला डॉक्टरांना सांगा. 'इतकं चालतं' अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनाही मानत नाही.

दुसरी चूक इंटरनेटवरून येते. 1978 पूर्वीचं घर भाड्याने देताना मालकाने शिशाच्या रंगाची माहिती द्यायलाच हवी, हा कायदा अमेरिकेचा. आपल्याकडे तसं कलम नाही. आपले 2016 चे शिशाचे नियम रंग बनवणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी आहेत, जुन्या भिंतीच्या मालकासाठी नाहीत. नोटिशीत त्यांचा दाखला दिलात तर समोरचा वकील खूश होईल.

आपल्या हातात काय आहे? मालकाला ठाऊक असलेला, पण तुम्हाला सहज न दिसणारा मोठा दोष त्याने सांगायला हवा, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 म्हणतं. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांसाठी जवळपास हेच काम 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 57 करतं. (हा कायदा मध्य प्रांतात, म्हणजे नागपुरात, मुंबईच्या आधीपासून लागू आहे!) मेख 'ठाऊक असलेला' या शब्दांत आहे. म्हणून घर घेण्याआधीच व्हॉट्सॲपवर विचारा: चौकटींना शेवटचा रंग कधी दिला, कुठला दिला?

खरी गफलत होते ती ॲग्रीमेंट न वाचता सही करण्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, पण करारात उलट लिहिलेलं नसेल तरच. 'सर्व दुरुस्ती भाडेकरूकडे' ही एक ओळ तुमचा हक्क खाऊन टाकते. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असेल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नाही. तिथे दुरुस्तीची अट लिहूनच घ्यावी लागते.

कलम 14 लागू असेल तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. 'रंग लावून द्या' असं लिहिलंत तर मालक म्हणेल, हौस तुमची. त्यापेक्षा 'खिडकीच्या चौकटीचा सुटलेला रंग धोकादायक आहे, दुरुस्ती करा' असं लिहा, प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. वाजवी वेळेत हालचाल झाली नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. महिना 8,000 भाडं असेल तर वर्षाला जास्तीत जास्त 24,000.

रागाच्या भरात भाडंच थांबवू नका. थकबाकीची नोटीस आली आणि 90 दिवसांत भरलं नाही, तर घर खाली करण्याच्या दाव्याचा रस्ता मालकाला मोकळा होतो. उलट त्याने पाणी-वीज तोडण्याची धमकी दिली, तर याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 तुमच्या बाजूने आहे.

पेंटरची आणि सामानाची पावती तुमच्या नावावर घ्या. नवीन रंगाच्या डब्यावर शिशाचं प्रमाण छापलेलं असतं, त्याचाही फोटो पावतीसोबत ठेवा.