पाठलाग करणाऱ्या जाहिराती कशा थोपवाव्यात

एखाद्या दुकानाच्या साइटवर पाच लिटरचा कुकर नुसता पाहिला, की पुढे आठवडाभर बातम्या वाचतानाही तोच कुकर समोर येतो. त्या पानात जाहिरात कंपनीचा छोटा कोड असतो, त्याला पिक्सेल म्हणतात. कोणती वस्तू पाहिली, कार्टमध्ये टाकली का, पैसे भरले का, हे तो कंपनीला कळवतो. नंतर दुसरी साइट उघडलीत की तुम्हाला जाहिरात दाखवायच्या जागेचा कंपन्यांमध्ये लिलाव होतो, तोही सेकंदाच्या अंशात.

तुम्हाला ओळखायच्या वाटा तीन: ब्राउझरमधली थर्ड-पार्टी कुकी (तुम्ही उघडलेल्या साइटची नव्हे, तर जाहिरात कंपनीसारख्या तिसऱ्याने ठेवलेली छोटी नोंद), फोनचा अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक) आणि तुमचं लॉगिन. बहुतेक जण फक्त कुकीज पुसतात आणि फरक पडत नाही म्हणून वैतागतात.

सफारी 2020 पासून थर्ड-पार्टी कुकीज आपणहून अडवतं. क्रोममध्ये ते तुम्हालाच करावं लागतं: सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, थर्ड-पार्टी कुकीज, ब्लॉक. क्वचित एखाद्या साइटचं पेमेंट किंवा लॉगिन अडतं. तेव्हा तेवढ्याच साइटला सूट द्या, सगळं पुन्हा उघडं करू नका.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गुगल, मग अ‍ॅड्स, तिथे ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’. नुसता रीसेट केलात तर नवा आयडी मिळतो आणि नवी नोंदवही सुरू होते. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत ट्रॅकिंग उघडा आणि अ‍ॅप्सना परवानगी मागू देणारं बटण बंद करा.

लॉगिनची वाट सगळ्यात चिवट. दुकानाला दिलेला ईमेल किंवा मोबाइल नंबर सांकेतिक रूपात गुगल किंवा मेटाकडे (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) जातो आणि तिथल्या खात्याशी जुळवला जातो. इथे कुकी पुसून काही होत नाही. गुगलच्या ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये पर्सनलाइज्ड अ‍ॅड्स बंद करा, पण लॉगिन असताना. लॉगिन नसताना ही निवड कुकीतच साठते, म्हणजे कुकीज पुसल्या की तीही गेली! फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी अकाउंट्स सेंटरमध्ये ‘युअर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज’ शोधा, म्हणजे इतर साइट्स आणि अ‍ॅप्सनी मेटाला कळवलेली तुमची नोंद. जुनी नोंद पुसा आणि पुढची तोडा, दोन्ही करा. मात्र पुढची तोडल्यावर फेसबुकने लॉगिन करायची इतर अ‍ॅप्स चालत नाहीत. त्यांचे पासवर्ड आधी लावून घ्या.

जाहिराती कमी होणार नाहीत, फक्त तुमच्या मागावर राहणार नाहीत. आणि कुकर गल्लीतल्या दुकानातून घेतलात तर साइटला ती खरेदी कळतच नाही आणि जाहिरात येतच राहू शकते. अशा वेळी जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर किंवा तीन टिंबांवर टॅप करून तेवढी एक बंद करणं सोपं.