फेरेटची लस आणि अ‍ॅड्रिनलचा आजार: कोकणात राहून कसं निभवायचं

आमच्याकडे दोन फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी) आहेत, टिकली आणि बंड्या, आणि अख्ख्या वाडीच्या लेखी ती दोन मुंगसं आहेत. शेजारचे काका अजून गडग्यावरनं विचारतात, "काय रे, मुंगसानं आज साप मारलान की नाय?" साप कसला मारतोय, बंड्या पालीला घाबरून सोफ्याखाली जातो. रत्नागिरीच्या बाजूला फेरेट पाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यामुळे जे शिकलो ते चुकत माकत शिकलो, ते इथे क्रमाने लिहितोय म्हणजे दुसऱ्या कोणाला तेवढा ताप नको.

सगळ्यात आधी डॉक्टर, आणि तोही फोनवर. गावातला गुरांचा दवाखाना वाईट नसतो, पण तिथे म्हशी आणि बकऱ्या बघतात, फेरेट बघितलेला डॉक्टर बहुतेक मुंबई, पुणे नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूरला शोधावा लागतो. जायच्या आधी विचारून घ्या की फेरेट आधी बघितलेत का, डिस्टेंपरसाठी (हा विषाणूचा जीवघेणा आजार) कुठली लस देता, रिअ‍ॅक्शन आली तर काय तयारी आहे, आणि फ्रीज इन्व्हर्टरवर आहे का. शेवटचा प्रश्न विचारताना ओशाळल्यासारखं होतं पण विचाराच, लस 2 ते 8 डिग्रीत राहायला लागते आणि आपल्याकडे जूनमध्ये एक झाड तारेवर पडलं की दीड दिवस लाईट नाही.

आता लस. फेरेटला दोनच महत्त्वाच्या, डिस्टेंपर आणि रेबीज. डिस्टेंपर म्हणजे कुत्र्यांचाच तो, पण कुत्रा कधी कधी वाचतो, फेरेट जवळपास वाचतच नाही. हनुवटीखाली पुरळ, डोळ्यांना चिकट घाण, पायाचे तळवे कडक, आणि मग दोनेक आठवड्यांत खेळ खलास. अमेरिकेतले जंगली काळ्या पायांचे फेरेट नामशेष झाले असं लोक धरून बसले होते, ते 1981 ला वायोमिंगमध्ये सापडले आणि 1985 मध्ये त्याच कळपात डिस्टेंपर शिरला, शेवटी 1987 पर्यंत उरलेसुरले पकडून आणले तेव्हा फक्त 18 जीव हातात होते. आणि "आमचा फेरेट घराबाहेर जातच नाही" हे कारण चालत नाही. बंदरावरची, बाजारातली भटकी कुत्री आपण रोज ओलांडून येतो, रोग चपलेवरनं, कपड्यांवरनं घरात येऊ शकतो. चपला बाहेर काढायची आपली जुनी सवय इथे कामाला येते.

पिल्लू असेल तर डिस्टेंपरचा पहिला डोस 8 आठवड्यांचं झाल्यावर, मग तीन तीन आठवड्यांनी अजून दोन, म्हणजे 14 आठवड्यांपर्यंत तीन डोस, पुढे दरवर्षी एक. मोठा फेरेट आणलाय आणि आधीचं कार्ड नाही तर साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने दोन. खास फेरेटसाठी बनवलेली लस आपल्या जवळच्या क्लिनिकच्या फ्रीजमध्ये मिळेल अशी आशा धरू नका, मग डॉक्टर कुत्र्याच्या पिल्लाच्या लसीतली एखादी विचार करून निवडतात. तो निर्णय त्यांचा, तुमचं काम एवढंच की कुत्र्याची ती सातेक आजारांची एकत्र लस सरसकट टोचू द्यायची नाही. आमच्या बाबतीत एका ठिकाणी (नाव घेत नाही) पोराने सिरिंज भरून आणली पण होती, मी विचारलं ह्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आहे का तर म्हणे हो सगळंच आहे. सगळंच नकोय हो! फेरेटला नको असलेले घटक म्हणजे रिअ‍ॅक्शनची शक्यता उगाच वाढवणं, आणि काही जिवंत विषाणूंच्या लसींनी फेरेटला उलट डिस्टेंपरच झाल्याची उदाहरणं आहेत.

रेबीज 12 आठवड्यांनंतर, मग दरवर्षी, आणि लस मारलेल्या विषाणूचीच हवी. दोन्ही लसी एकाच दिवशी घेऊ नका, घाटातल्या फेऱ्या वाचवायचा मोह होतो, मलाही झाला, पण दोन तीन आठवडे मध्ये सोडा. एकत्र दिल्या आणि काही झालं तर कशाने झालं ते पण कळत नाही.

लसीच्या दिवशी पहाटे निघा. फेरेटला घाम येत नाही, 32 डिग्रीच्या वर उष्माघात होऊ शकतो आणि आपल्याकडे मार्च ते मे 32 म्हणजे दुपारची सुरुवात. पाण्याची बाटली आदल्या रात्री फ्रीझरला टाका, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा. टोचताना अंड्याचा बलक बोटावर चाटायला द्या, सुई गेलेली कळतसुद्धा नाही. मग क्लिनिकमध्येच निदान अर्धा तास बसा, गाडीत नाही. उलटी, पातळ शी, लाळ, शेपूट बाटलीच्या ब्रशसारखी फुलणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, गळून जाणं, ह्यातलं काहीही दिसलं की लगेच ओरडा. टिकलीला दुसऱ्या वर्षी असं झालं, सतरा मिनिटांनी, मी चहा घ्यायला उठणार होतो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत बाई जाळीला दात लावायला लागल्या. तेव्हापासून तिच्या कार्डावर लाल पेनाने लिहिलंय आणि लसीच्या आधी अ‍ॅलर्जीचं औषध देतात. ते घरी आपल्या मनाने देऊ नका.

अ‍ॅड्रिनलकडे वळू, कारण खरा फसवणारा आजार तो. किडनीजवळ तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या दोन ग्रंथी असतात. नसबंदी झाली की शरीरात सेक्स हार्मोन उरत नाहीत, मग "बास आता" असं मेंदूला कोण सांगणार, तो हुकूम सोडतच राहतो आणि ह्या ग्रंथी ते काम अंगावर घेतात, वाढतात, पुढे गाठ होते. साधारण तीन चार वर्षांच्या पुढे दिसतं. मग नसबंदी करायचीच नाही का? नर एकवेळ ठीक, पण मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही तर ती माजावरच राहते, त्या हार्मोनने रक्त बनवणारा बोनमॅरो बसतो आणि ती रक्त कमी होऊन मरते. म्हणून काही डॉक्टर ऑपरेशनऐवजी इम्प्लांट (कातडीखाली बसवायचं, हार्मोन दाबणारं औषध) सुचवतात, पिल्लू घेतानाच ही चर्चा करून घ्या.

ओळखायचं कसं, तर शेपूट बघा. केस शेपटीच्या बुडाकडनं जायला लागतात, मग दोन्ही बाजूंनी सारखे पाठीवर सरकत येतात, कातडी पातळ, पिसवा नसताना खाज. नुसत्या शेपटीचे केस ऋतूप्रमाणे जातात आणि परत येतात, त्याला घाबरू नका, पण दर रविवारी एक फोटो काढून ठेवा म्हणजे भांडण मिटतं. वजनही करा. मी किचनच्या काट्यावर भाताचं मोठं टोप ठेवतो, काटा शून्यावर आणतो आणि त्यात टिकलीला सोडतो, ती गोल फिरत असताना जो आकडा तीनदा दिसला तो लिहितो. आईने ते टोप आता मलाच देऊन टाकलंय. बाकी खुणा म्हणजे नसबंदी झालेल्या मादीचं योनीद्वार सुजणं, अंगाचा वास वाढणं, नराने दुसऱ्याच्या मानेला धरून ओढणं.

डॉक्टर कुत्र्यांचे असतील तर कॉर्टिसॉलची (ह्याच ग्रंथींतलं दुसरं एक हार्मोन) टेस्ट लिहून देतील, नम्रपणे सांगा की फेरेटमध्ये कॉर्टिसॉलचा प्रश्न नसतो, सेक्स हार्मोनचा असतो. सोनोग्राफी जास्त उपयोगी. उपचार दोन वाटांचे. एक ऑपरेशन, डावी ग्रंथी काढायला त्यातल्या त्यात सोपी, उजवी मोठ्या शिरेला चिकटलेली असते म्हणून सरावाचा हात पाहिजे. दुसरी वाट डेस्लोरेलिनचं 4.7 मिलीग्रामचं इम्प्लांट, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली, किंवा दर महिन्याला ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन. ह्याने गाठ जात नाही, हार्मोन दाबले जातात. पहिले काही दिवस लक्षणं उलट वाढू शकतात, तेव्हा डॉक्टरांना शिव्या घालायची घाई नको. केस यायला महिना दीड महिना तरी द्या.

उजेडाचं पण बघा, आमच्याकडे टीव्ही आणि ट्यूबलाईट रात्री बारापर्यंत चालू असायची. लांब दिवस मिळाला की तोच मेंदूचा हुकूम अजून जोर धरतो, आता साडेसातला पिंजऱ्यावर जाड चादर पडते. निदान 12 तास अंधार, फक्त वारा खेळता ठेवा, नाहीतर दमट हवेत चादरीखाली भट्टी होते.

एक गोष्ट मात्र उद्यावर ढकलायची नाही. ह्या आजारात नराची प्रोस्टेट सुजते आणि लघवी अडकते. लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय, थेंब थेंब येतंय, रडतोय, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका, काही तासांचा मामला आहे. रात्री घाट बंद असेल तर जवळ मिळेल त्या पशुवैद्याला उठवा आणि विचारा की सुईने मूत्राशय रिकामं करून देता का, म्हणजे सकाळपर्यंत वेळ मिळतो. फेरेटच्या लिंगात आकड्यासारखं वाकलेलं हाड असतं, नळी घालणं सरावाशिवाय जमत नाही.

इम्प्लांटचा असर बहुतेक वर्षभर, कधी कमी कधी जास्त, आणि संपला की शेपूटच आधी सांगते. टिकलीच्या इम्प्लांटला मार्चमध्ये वर्ष होईल, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी.